वरच्या केबिनमधला मेश्राम

स्टील प्लांटमध्ये तीस वर्षं काढली की किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत, हेल्मेटवरच्या धुळीसारखे आपोआप साचतात. आम्ही रिटायर मंडळी संध्याकाळी टाउनशिपच्या सिविक सेंटरला चहाला जमलो की ती धूळ झटकतो. हल्ली कुठलाही किस्सा फिरून मेश्रामवरच येतो. मेश्राम आमच्या शॉपचा, म्हणजे विभागाचा, क्रेन ऑपरेटर.

*

आमच्याकडे साहेबांचं हेल्मेट पांढरं, आमचं पिवळं. एकदा स्टोअरमधली पिवळी संपली, म्हणून मेश्रामला पांढरं मिळालं. गेटवरचा गार्ड रोज त्याची पिशवी उलटीपालटी करायचा. त्या दिवशी ताडकन उभा राहिला. सॅल्यूट! "गुड मॉर्निंग, सर!"

मेश्राम आम्हाला सांगत होता, "मी पिशवी उघडून उभा, तर तो पाहूनच नाही राहिला!"

खूप हसलो आम्ही.

*

साहेबांना उशीर झाला की आम्ही म्हणायचो, "मीटिंगमध्ये अडकले असतील." मेश्राम एकदा दोन तास उशिरा आला, डोळे लाल. आमचा सीनियर बोरकर ओरडला, "सकाळीसकाळीच घेऊन आला वाट्टे!"

सगळे हसले. मीही हसलो. मेश्राम शिडी चढून क्रेनच्या केबिनमध्ये गेला.

बायकोला दवाखान्यात भरती करून तो तसाच ड्यूटीवर आला होता. हे आम्हाला कळलं ती गेल्यावर. दारूला तर त्या माणसानं जन्मात हात लावला नव्हता.

*

तो जेवायला कधी खाली यायचा नाही. वरच, एकटा. नवीन कोणी विचारलं, "हा कावून येत नाही?" की बोरकरचं उत्तर तयार, "घमंडी हाये!" मग नवीन माणूसही त्याला घमंडीच म्हणायचा.

मला खरं माहीत होतं. आम्ही दोघं एकाच दिवशी लागलो होतो. जेवणाच्या पहिल्याच सुट्टीत बोरकरनं आडनावं विचारली. माझं ऐकून म्हणाला, "अबे, हा त आपल्यातलाच!" आणि बाकावर जागा केली. मेश्रामचं ऐकल्यावर फक्त डबे लांब सरकले.

त्यानं उघडलेला डबा बंद केला आणि शिडी चढला. मी जेवत राहिलो. त्या जेवणाची मला आजही लाज वाटते.

*

त्याच्या रिटायरमेंटच्या दिवशी खाली हार, पेढे, सगळं तयार होतं. त्याला बोलवायला मी शिडी चढलो. तीस वर्षांत पहिल्यांदा.

एवढीशी केबिन. खिळ्याला डबा, कोपऱ्यात थर्मास आणि शेजारी उपडे ठेवलेले स्टीलचे दोन ग्लास. दोन्ही लख्ख.

"दोन कावून रे?"

"एक माहा."

"अन् दुसरा?"

मेश्राम थर्मासचं झाकण उघडत म्हणाला, "रोज घासून ठेवतो, भाऊ. कोणी वर आलं तर!"