पाटीवर मायचं नाव

लढाईच्या काळातल्या सरकारी कंट्रोलच्या दिवसांत अकोल्यात कापडाचं दुकान चालवायचं म्हणजे जीव मुठीत धरून गिऱ्हाईक करायचं. नागपूर तेव्हा राजधानी, तिथून रोज नवा हुकूम निघे. आज भावाची पाटी बाहेर लावा, उद्या शिल्लक माल कळवा, परवा आणखी काही. एक पाळावा तर दुसरा मोडे. कोणत्या हुकमापायी कोर्टाची पायरी चढावी लागेल, ते वकिलालाही धड सांगता येत नसे.

आमचं लायसन मायच्या नावानं होतं. वडील गेल्यावर मी दुकान काढलं. पहिल्या विक्रीची बोहनी मायच्या हातची, तर नावही तिचंच असावं, अशी माझी हौस. पाटीवर तिचं नाव रंगवून घेतलं आणि गावभर मिरवलो. तिनं कागदावर अंगठा दिला, पहिल्या दिवशी बोहनी केली आणि मग दुकानाकडे कधी फिरकलीसुद्धा नाही. कायदा अंगठा देणाऱ्यालाच मालक धरतो, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

परतवाड्याला माझ्या साळ्याच्या मुलीचं लग्न निघालं होतं. बस्त्यासाठी दोन चांगली लुगडी ठेवून देईन, असा शब्द मी त्याला दिला होता. आमच्या धंद्यात शब्द दिला की तो माल विकल्यातच जमा. लुगडी गुंडाळून फळीमागे सारली. दुसऱ्या दिवशी ठिगळाचं लुगडं नेसलेली एक बाई आली आणि लुगडं मागू लागली. मी मान वर न करताच नाही म्हणून टाकलं. तिच्या मागोमाग इन्स्पेक्टर आत शिरला आणि त्यानं नेमकी तीच फळी हलवली. माल असून नाही म्हणणं हा तेव्हा गुन्हा होता. समन्स आलं ते मायच्या नावानं.

आमचे वकील म्हणाले, म्हातारीनं कबूल केलं तर वय पाहून मॅजिस्ट्रेटसाहेब नरम पडतील. तुम्ही पुढे होऊन कारभार माझा म्हणालात, तर आत जाल आणि दुकानाला कुलूप लागेल ते वेगळं. मी रात्र रात्र विचार केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला ते बसल्या जागी पटलं. आज हे लिहिताना कानशिलं तापतात, पण तेव्हा मला हायसंच वाटलं होतं. मायला मी वाक्य पढवलं. चूक माझी, माफी द्या, एवढंच म्हणायचं. तू असशील ना तिथं, असं तिनं विचारलं. म्हटलं, असतो ना, मागेच बसतो.

कोर्टात ती पदर डोक्यावर ओढून पिंजऱ्यात उभी राहिली. साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. ती बोलेना. वळून तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, विसरली. मी मान हलवून खुणावलं. ती साहेबांकडे वळली, थांबली आणि पुन्हा मागं पाहू लागली. आता मात्र मी चिडलो. एवढंसं वाक्य, तेही ध्यानात राहू नये? मी नुसते ओठ हलवून तिला ते सांगितलं. मग ती म्हणाली, "चूक माही. माफी द्या."

दंड झाला, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे संध्याकाळपर्यंत तिथंच भिंतीशी बाकावर बसून राहायचं. स्वस्तात सुटलो, असं वकील म्हणाले आणि मी निलाजऱ्यासारखा हसलो. शिपायानं तिला दोनदा पाणी विचारलं. तिनं घेतलं नाही.

संध्याकाळी टांग्यात बसल्यावर मी तिला म्हटलं, बरं झालं माय, वेळेवर आठवलं तुले. तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला अजून सोसत नाही.

"मी इसरली नव्हती रे," ती म्हणाली. "तू उठतं का, ते पाहून राहिली होती."