बिरूभाऊंची थंडी

मे महिन्यात, बाहेर उन्हानं अंगाची लाही लाही होत असताना, बिरूभाऊ गिऱ्हाइकाला जाकीट चढवायला लावत आणि थेट आइस्क्रीमच्या थंड खोलीत नेऊन बसवत. औरंगपुऱ्यात त्यांचं जाकिटांचं छोटं दुकान होतं आणि दोन दारं सोडून मित्राचं आइस्क्रीमचं गोदाम. "आरशात जाकीट कळत नसतं ताई, थंडीत कळतं," ते म्हणत. "आधी घाम पुसा, आतल्या पिसाला वल चालत नाय. अन् धा मिंटं गप बसा."

भाऊ बिडकीनकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. डोंगरावरचा बर्फ त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. "लोकर काय अन् बदकाचं पीस काय, काम एकच. ऊब जाकिटात नसती, अंगात असती. जाकीट नुसती राखण करतं." हिमालयातून परतलेल्या प्रत्येकाला चहा पाजून, थंडी कुठून शिरली, हे ते खोदून खोदून विचारत. गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. लोक त्यांच्या दुकानाबद्दल बोलतात, मला मात्र एकच दुपार आठवते.

माझ्या आईला भजनी मंडळाबरोबर केदारनाथला जायचं होतं. आदल्या वर्षी तिला न्यूमोनिया झालेला. 'थंडी लागता कामा नये,' या अटीवर डॉक्टरांनी कशीबशी परवानगी दिली होती. मी तिला घेऊन भाऊंकडे गेले.

त्यांनी तीन जाकिटं काट्यावर ठेवली. पहिलं स्वस्त, कृत्रिम कापूस भरलेलं, पाऊण किलोचं. तिसरं पिसांचं, सगळ्यात महाग, पाव किलोचं, मुठीत मावणारं. मधलं पिसांचंच, चारशे ग्रॅमचं. "जड म्हंजी गरम, असं नसतं मावशी. अन् हे लई हलकं चालताना झकास, बसलं की थंडी आत येती. पीसच कमी हाय त्यात."

आईनं किमतीच्या चिठ्ठ्या तेवढ्या वाचल्या. मग पहिलं जाकीट घालून ती थंड खोलीत जाऊन बसली आणि दहा मिनिटांनी हसत बाहेर आली.

"काय थंडी नाय बाई. उलट घामच फुटला. हेच घे, बाकीची कशाला बघायची?"

खरं सांगायचं तर मला मनातून बरंच वाटलं. मी पर्स उघडलीसुद्धा.

भाऊंनी जाकीट परत घेता घेता आईची बोटं चाचपली. "मावशी, तोंड एक सांगतंय, बोटं दुसरंच."

"माझी बोटं गारच असत्यात. काय होतंय मला?"

मला वाटलं, आता हे महागडं गळ्यात मारणार. भाऊ मात्र स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"पौषात आमची मेंढरं लोकांच्या वावरात बसायची, आमीबी तिथंच उघड्यावर निजायचो. घोंगडी एकच. माय ती माझ्यावर टाकायची. इचारलं तर म्हणायची, मला कुठं थंडी वाजती? मी खरं धरलं. लई वर्षं धरलं. ती गेल्यावर थोरल्या बहिणीनं सांगितलं, माय रातभर जाळापाशी बसून काढायची." त्यांनी हातातलं जाकीट बाजूला ठेवलं. "मावशी, काय घ्यायचं ते घ्या. कायबी घेऊ नका. पण ह्या लेकीला खरं सांगून जा. मागून कळलं की लई जड जातं."

आईनं हात पदराखाली घेतले. बाबांच्या आजारपणात, माझ्या फीच्या वर्षी, भर दिवाळीत, कधीही विचारलं तरी तिला काही नको असायचं, आणि मी ते सोयीनं खरं मानत आले होते.

"थंडी वाजली गं मला," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "लई वाजली."

शेहेचाळीस वर्षांची मी, हे तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. मला माझीच लाज वाटली. मी तिचे हात हातात घेतले. बोटं बर्फासारखी गार होती.