जमनीच्या पदरातला चिंचोका

जमनीले वीसच्या पुढं मोजता येत नाही. मले येते, पण त्या दिवशी त्याचा काही उपयोग झाला नाही.

यवतमाळात आमच्या घरामागं बगीचा आहे, तिथली ही झाडूवाली. कोलामाची बाई, केळापूरकडच्या पोडावरची, म्हणजे कोलामाच्या वस्तीवरची. बगीच्यात शाळेच्या सहली येऊ लागल्या तशा झाडाझाडाले पाट्या लागल्या. पण लेकरं पाट्या सोडून जमनीमागंच फिरत. सापानं कात कुठं टाकली, मुंग्या रांग मोडली का कशा भांडतात, सारं ती बोटानं दाखवे. मग एक दिवस बगीच्याच्या साहेबानंच सांगितलं, "शुक्रवारी झाडू ठेव अन् लेकरायले शिकव."

तिची एकच रीत. फाटकातून आत येताना प्रत्येक लेकरानं तिच्या पदरात एक चिंचोका टाकायचा, जाताना परत न्यायचा. "पदर रिकामा झाला तं माहं काम झालं," म्हणे. "एक बी उरला तं मी घरी जात नाही."

फेब्रुवारीत माह्या नातीच्या, अर्पिताच्या, चौथीच्या वर्गाची पाळी आली. डबे सांभाळाले मी संगं गेली. चाळीस लेकरं. त्याइच्या मागून मी बी एक चिंचोका टाकला.

"तू कायले वं, मथुरे?"

"मी बी लेकरूच आहो. दात मोज, पटत नसीन तं. चारच आहेत."

जमनी फिदीफिदी हासली अन् पदराची गाठ मारली.

बगीच्याच्या मधात काटेसावर लाल फुलली होती. तिच्या फांदीले आग्या माश्याइचं पोळं लटकलेलं, सुपाएवढं. जमनीनं लेकरायले दुरूनच दाखवलं अन् दटावलं, "मी 'पोळं' म्हणलं का तोंड झाकाचं अन् मुकाट त्या अवजाराच्या खोलीत. बोंबलाचं नाही."

वर्गाच्या सराले फोटो काढायचा होता. माश्या हलत नव्हत्या. सरानं खडा उचलला.

मी पाह्यलं. एकच खडा. फांदीवरचं काळं कातडं सोलल्यासारखं सुटलं अन् गरजत खाली आलं.

जमनी जीव खाऊन वरडली, "पोळं फुटलं!"

आता आमच्या मुलखातल्या लेकरायले हे कसं ऐकू येईन? पोळ्याच्या दिवशी तोरण तुटलं का सारं गाव एकच आरोळी देते, "पोळा फुटला!" अन् बैलं, माणसं, लेकरं बोंबलत सुसाट सुटतात. खोलीचं कोणाच्या ध्यानात राहीन? चाळीसच्या चाळीस बोंबलत मैदानभर पांगले.

माश्या त्याइच्यावर पडल्या. केसात, कानात, नाकात. एक पोरगी जागीच गरगर फिरून राह्यली होती, तिचा चेहराच दिसत नव्हता, नुसत्या माश्या. जमनीनं लेकरं धरली ती मायेनं नाही. कोणाची वेणी, कोणाची कॉलर, कोणाचा पाय. फरपटत आणली अन् पोत्यासारखी खोलीत फेकली. सर पहिलेच आत जाऊन कडी लावून बसला होता. "उघड, नाही तं फावडं नरड्यात घालीन!" हे जमनीचं शिकवणं. त्यानं उघडलं.

आत अंधार, वकाऱ्या, रडणं. आम्ही लेकराइच्या डोक्यातल्या माश्या चपलीनं चेंदल्या. जमनीनं गाठ सोडली. "आपापला घ्या." सुजलेले हात एक एक करून आले. मी अर्पिताच्या टाळूतले काटे उपटून राह्यली होती. जमनीनं पदर चाचपला.

"एक उरला. एक लेकरू बाहेर आहे."

"चाळीस आहेत, बाई," सर म्हणाला. "मी मोजले."

"तुहं मोजणं ठेव तिकडं." ती चिंचोका मुठीत धरून बाहेर गेली. सरानं मागून कडी लावली.

अन् तवा माह्या डोक्यात उजेड पडला. तो चिंचोका माहा होता.

"जमने, परत ये!" मी दारावर धडका देल्या. सर पाठ लावून उभा, "दार उघडलं तर सगळी मरतील." मी त्याच्या मनगटात दात रुतवले. त्यानं मले ढकललं, मी घमेल्यावर पडली, परत उठली, परत चावली.

बगीच्याच्या माणसाइनं धूर करून माश्या हटवल्या तवर खबर लागून लेकराइचे बाप आलते. मी बाहेर आली तं जमनी मेंदीच्या कुंपणाखाली गुडघ्यावर चाचपडत होती. डोळे बंद झालेले. "ये माह्या लेकरा, ये." एका बापानं तिचे केस धरले. "या बाईनंच मधासाठी छेडलं!" बरगडीत लाथ, मग कंबरेचा पट्टा. तिनं मार चुकवला नाही. पट्टा बसे अन् ती म्हणे, "एक उरलं, भाऊ. पहिले ते पाहा."

सर पाहत होता.

माह्या हातात स्टीलचा डबा होता. तो मी त्या बापाच्या कपाळावर हाणला. रक्त आलं. मागून अर्पिता किंचाळली, "खडा सरानं मारला!"

मग सारे सरावर वळले. बूट, काठी, कुंडी. त्याचा हात मोडला तो आवाज मी ऐकला. मी थांबवलं नाही. थांबवाले पाहिजे होतं.

लेकरं सारी वाचली. तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेली. जमनीचं तोंड फुगलेल्या भाकरीसारखं, एक मूठ आवळलेली. नर्स म्हणे, ही मूठच सोडत नाही.

"कोण? मथुरा का? ते लेकरू सापडलं का वं?"

"सापडलं."

"कोणाचं होतं?"

"माहा चिंचोका होता तो, जमने. मीच होती."

मले वाटलं, आता थुंकते. तिनं दुसरा हात लांबवला, माहं तोंड चाचपलं, ओठ उचलून अंगठ्यानं दात मोजले.

"तीनच आहेत."

"एक सराच्या मनगटात राह्यला."

तिच्या फाटलेल्या ओठातून रक्त आलं, तवा समजलं का ती हासली. मग मूठ सोडली.

"घे, थेरडे. आता मले घरी जाता येते."