शेजारी ठेवलेला रेडिओ

सत्तरच्या दशकात मंगळवार पेठेत माझं रेडिओचं दुकान होतं. एका दुपारी कबनूर गावचा एक माणूस स्वतः बनवलेला रेडिओ विकायला ठेवा म्हणून घेऊन आला. बोटांवर तारांना डाग देताना, म्हणजे सोल्डरिंग करताना बसलेले चटके, आवाज खणखणीत. बड्या कंपनीच्या रेडिओशेजारी त्यानं आपला ठेवला, मला पाठमोरं उभं केलं आणि दोन्हींवर आळीपाळीनं सांगली केंद्र लावलं.

"आता सांगा, कुठला कुणाचा?"

मला ओळखता आलं नाही. तरी मी नकार दिला आणि कारणही सांगितलं. दुसऱ्या कुणाचा रेडिओ दुकानात दिसला तर आमचा माल बंद, असं कंपनीचा एजंट बजावून गेला होता.

तो रागावला नाही. खिशातून कोरा कागद काढून म्हणाला, "हे एवढं लिवून द्या की, पावणं. मक्तेदारीची चौकशी करणारं कमिशन हाय दिल्लीला. तिथं धाडतो."

"बाकीच्या दुकानदारांनी दिलं?"

"न्हाय. समद्यांनी च्या पाजला."

"एवढ्या मोठ्या कंपनीशी भांडणार तुम्ही?"

"भांडतोय कुठं? शेजारी ठेवा म्हणतोय. गिऱ्हाइकाला कान हायत की."

मी लिहून सही केली आणि त्याचा रेडिओही ठेवून घेतला. त्याचं नाव आज आठवत नाही. दिल्लीहून काय उत्तर आलं, तेही कळलं नाही. कंपनीनं मात्र तीन महिने मला माल दिला नाही. ते दिवस मी दुरुस्तीवर काढले, आणि दुकान आपलं आहे असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.