डाव्या हाताचं मीठ

माझ्या मित्राला स्वतःचं स्वयंपाकघर नाही. शेतावर चालणाऱ्या हॉटेलांत तो पाहुणा शेफ म्हणून जातो. पंधरवडाभर रांधतो, सुऱ्या कापडात गुंडाळतो, पुढच्या गावाला निघतो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. सगळे त्याला 'पाहुणे' म्हणतात. चिडली की घरी मुलगीसुद्धा.

मी भेटायला गेलो तेव्हा तो मागच्या दाराशी बटाट्याच्या पोत्यावर बसल्या बसल्या झोपला होता. हातात अर्धं सोललेलं गाजर. ज्याच्या हातचं खायला लोक कुठून कुठून येतात, तो हा. मी गाजर काढून घेतलं, तसा तो जागा झाला.

"कधी आलास?"

"आत्ताच. झोप की."

"झोपायलाच बसलो होतो का मी?" म्हणत तो गुडघे धरून उठला.

आत जाता जाता त्यानं सांगितलं. हॉटेलच्या मालकीणबाईंनी कायमचं राहता का म्हणून विचारलं होतं. विहिरीमागच्या दोन खोल्याही देत होत्या. दुपारची जेवणं उरकली की हो-नाही सांगायचं होतं. बायकोचं म्हणणं जुनंच: कायमचं ठरलं तरच बोलव, उगाच बोचकी बांधायला लावू नकोस.

"मग हो म्हण."

"म्हणणारच आहे. आजचा दिवस नीट जाऊ दे."

शेगडीवर भोपळ्याच्या सुपाचं मोठं पातेलं होतं. तो ढवळता ढवळता मालकीणबाईंशी बोलत होता. डावा हात डब्यात गेला, मूठ भरून आली, पातेल्यात रिकामी झाली. मग त्यानं चव घेतली. पळी खाली ठेवली.

"साखर," तो म्हणाला.

मालकीणबाईंनीही चाखलं. "पाहुणे, आमच्याकडे मीठ उजवीकडे असतं."

"मागच्या ठिकाणी डावीकडे होतं. हात अजून तिथंच आहे." जरा थांबून म्हणाला, "दुसरा माणूस बघा, बाई. मी दमलोय."

पातेलं आम्ही दोघांनी उतरवलं. आज सूप नाही, भाजलेली गाजरं मात्र हवी तेवढी, असं मालकीणबाईंनी स्वतः बाहेर जाऊन गिऱ्हाइकांना सांगितलं. परत आल्या, दोन्ही डबे उचलले आणि मीठ डावीकडे ठेवलं.

"हात यायला तयार नसेल तर मीठच तिकडे नेऊ. खोल्या झाडून घेऊ का नको, तेवढं सांगा."

त्यानं मान खाली घातली आणि गाजरं भाजायला घेतली.

गर्दी ओसरल्यावर त्यानं आम्हा तिघांसाठी अंडी फोडली. हात मिठासाठी गेला. उजवीकडे. अंड्यांवर साखर पडली.

"अहो, आता ठरवा एकदाचं," मालकीणबाई म्हणाल्या, आणि ती अंडी मुकाट्यानं खायला लागल्या.

तो हसला. आवाज आला नाही, खांदे तेवढे हलले. मग त्यानं बायकोला फोन लावला.

"ये. सामान घेऊनच ये." पलीकडून ती बराच वेळ बोलत होती. "नाही गं, बोचकी परत बांधायची नाहीत. आणि मीठ कुठं ठेवायचं ते तू येऊन सांग. मला काही कळत नाहीये."

फोन ठेवून तो मागच्या दाराशी गेला आणि पोत्यावर टेकला. या वेळी मी त्याला उठवलं नाही.