धरणाच्या काठाकाठानं कळमजाईच्या बेटावर

कुठं फिरायला जायचं म्हटलं की आमच्याकडं सगळे समुद्र समुद्र करतात. मी सांगते, तेवढं लांब जायची गरज नाय. डिंभे धरणाच्या भिंतीपासून पाण्याचा काठ धरा आणि मागं मागं चालत राहा. डोंगराच्या सोंडा पाण्यात उतरल्यात, दोन सोंडांच्या मधे पाणी आत घुसलंय, आणि पूर्वी ज्या टेकड्या होत्या त्यांची बेटं झालीत. काळे कडे सरळ पाण्यात. गेल्या जानेवारीत आम्ही नणंद-भावजय तिथं तीन दिवस चालून आलो. दोघी पन्नाशीच्या आसपास, दोघींचे गुडघे कुरकुरणारे. मी कागदावर लिहिते, भाची ब्लॉगवर टाकते. ती शब्द सुधारायला लागली की मी ओरडते, म्हणून आहे तसं वाचा.

आता खरं कारण सांगते, कारण मी हौसेनं चालणारी बाई नाय. मंचरला माझा भाजीचा गाळा आहे, तो बंद ठेवायचा म्हणजे माझ्या जिवावर येतं. पण माझं माहेर त्या पाण्याखाली आहे. गावाच्या वरच्या टेकडीवर आमची देवी, कळमजाई. तिची पूजा आमच्या घराकडं. गाव उठायची वेळ आली तेव्हा माझ्या थोरल्या भावानं, दादानं, तिला कौल लावला. म्हणजे देवीच्या दोन खांद्यांना पाणी लावून दोन फुलं चिकटवायची आणि विचारायचं, बाई, आमच्याबरोबर येतेस का? उजवं फूल आधी पडलं तर येते, डावं पडलं तर राहते. त्या दिवशी एकही फूल पडलं नाय. ट्रक खाली हॉर्न मारत होता. शेवटी लोक तिला तिथंच ठेवून निघाले.

नव्या वसाहतीत देऊळ बांधलं, रंग दिला, घंटा टांगली. आत कोणी नाय. लोक म्हणायला लागले, दुसरी मूर्ती आणू. दादा ऐकेना. तिनं नाय म्हटलेलंच नाय, मग दुसरी कशी आणायची?

"तू जा," तो मला म्हणाला. "माझं गुडघं आता धरणाच्या भिंतीपुढं जात न्हाईत. घरची लेक इचारू शकती."

"मला मंत्र येत न्हाई, का काय न्हाई."

"मंत्र कशाला? इचार आन् गप बस. घाई करू नको."

वहिनी आतून बोलली, "वन्सं आन् गप बसणार? मग मी बी जाते. हे बघायलाच पायजे."

तर घोडेगावपर्यंत एसटी, तिथून डिंभ्याला जीप. जीपवाला माणसं कोंबल्याशिवाय हलत नाय, म्हणून सकाळी लवकर निघा. बूट कापडी चालतील, तळ मात्र धड हवा. वहिनी चपलेवर आली आणि तीन दिवस मला तिच्या अंगठ्याचं गाऱ्हाणं ऐकावं लागलं. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या बाटल्या. मोबाइलला रेंज नाय, तो पिशवीत तळाला टाका.

भिंतीवर उभी राहिले आणि माझी बोलती बंद झाली. गाव सोडल्यापासून मी इकडं फिरकलेच नव्हते. मला वाटलं होतं, मोठं तळं असेल. हे तळं नव्हतं. डोंगरच्या डोंगरांना पाण्यानं कमरेला मिठी घातली होती. लांब कुठंतरी निळं पाणी धुरकट डोंगरात शिरून नाहीसं होत होतं. वहिनीनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

"काय करतीस?"

"ताप बघते. मगापासून गप हाय तुमी."

पहिला दिवस सोपा. भाताची कापलेली खाचरं, पेंढ्याच्या उडव्या, आणि डाव्या हाताला सारखं पाणी. पाण्यातून वाळकी झाडं उभी, प्रत्येकावर एक पाणकावळा पंख वाळवत बसलेला. ऊन खडकावर पडलं की काळा दगड लोखंडासारखा चमकतो. रात्रीला एका वाडीत थांबलो. घर विचारलं की मिळतं, फक्त अंधार पडायच्या आत विचारा. नाचणीची भाकरी आणि धरणातल्या बारक्या माशांचं कालवण मिळालं. मी गाळ्यावरचा लसूण नेला होता, तो त्या घरच्या बाईला दिला. असलं काहीतरी बरोबर ठेवा, पैसे पुढं केले की त्यांना राग येतो.

दुसऱ्या दिवशी मी माती खाल्ली. घरमालक निघताना म्हणाला, "वरच्या अंगानं जावा, पावणं. खालचा रस्ता आता पाण्यात जातोय."

मी म्हटलं, "भाऊ, मी हितलीच. मला रस्ता शिकवू नका."

खालचा रस्ता म्हणजे आमचा जुना गाडीरस्ता. तो पाय ठेवल्या ठेवल्या ओळखला मी. कडेला चिंचा होत्या, खडकात बैलगाडीच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या होत्या. लहानपणी मी त्यातल्या एकीतून तोल सांभाळत चालायची. तशीच चालायला लागले. वहिनी मागून हसत होती. वळण घेतलं आणि रस्ता पाण्यात उतरला.

संपला नाय, उतरला. पाणी काचेसारखं होतं. दोन्ही चाकोऱ्या पाण्याखाली पुढं गेलेल्या दिसत होत्या, हातभर, पुरुषभर, मग हिरव्या अंधारात. एका चाकोरीतून मासे चालले होते, एकामागं एक, जसे आम्ही बाजाराला जायचो तसे.

"चला की वन्सं," वहिनी म्हणाली. "थांबलात का?"

एवढ्यावर शहाणं व्हायचं की नाय? पण मी सोंड ओलांडून पलीकडं गेले, तिथं रस्ता पाण्यातून परत वर आला होता. बघ, म्हटलं, आला का नाय! तो पुढच्या वळणाला परत बुडाला. असं आणखी एकदा झालं. अर्धा दिवस गेला. तुम्हाला सांगते, आमच्या बुडालेल्या गावांची माणसं तिथं गेली की हीच चूक करतात. पाय जुन्या रस्त्यानंच जातात. तुमचं तिथं काही नसेल तर तुम्ही चुकणार नाय, पण वाडीतल्या माणसाचं ऐका.

मग कारवीच्या झुडपांतून सरळ वर चढलो. हात खरचटले, वहिनीनं मला मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल ते असो. कड्यावर आलो आणि दोघी खाली बसलो. खाली सगळं पाणी, सोंडेमागं सोंड, आणि मधोमध एकटी आमची टेकडी. पायथा गेलेला, खांदे आणि डोकं वर. तिच्या कड्यावर वाऱ्यानं लाटा फुटत होत्या. एवढीशी टेकडी, शेळ्या चारताना मी तिला टेकडीसुद्धा म्हणत नव्हते. आता ती अशी उभी होती की मी आपोआप डोक्यावर पदर घेतला.

संध्याकाळी काठावरच्या वाडीत भीमाबाईकडं उतरलो. ती मासे धरते, तिची स्वतःची होडी आहे. चुलीपुढं बसून तिनं विचारलं, "बेटावर कशाला?"

"आमची देवी हाय तिथं. न्यायला आलोय, ती हो म्हणली तर."

तिची तव्यावरची भाकरी करपली. "आमची," ती म्हणाली. एवढंच. मग करपलेली भाकरी काढत, "तुमी गेला. आमी वरल्या अंगाची माणसं, आमी कुठं जाणार? दर मंगळवारी मी तिच्या पायाशी दिवा लावते. पाणी चढलं तवा तिच्याच नावानं होडी शिकले."

मी बोलणार होते. वहिनीनं मांडीला चिमटा काढला.

सकाळी भीमाबाईनं होडी काढली. "नेते. पर तुमी इचारताना मी तिथंच बसणार."

पाण्यातून जाताना ती वल्ह्यानं खाली दाखवायची, "हितं तुमची शाळा. हितं वड." मी चौथीपर्यंत त्या शाळेत होते. खाली नुसतं निळं दिसत होतं, आणि आम्ही तिच्या कौलांवरून तरंगत चाललो होतो. असलं काही मी जन्मात बघितलं नाय, परत बघेन असंही नाय.

बेटावर उतरायला एकच जागा आहे, दगड शेवाळलेले, हात धरून उतरा. वर कळमजाई उघड्यावर, तशीच, कमरेएवढा तांदळा, न घडवलेला दगड. मला वाटलं होतं, धूळ असेल, गवत असेल. ताजं हळदीकुंकू होतं. नवा हिरवा खण होता. पायाशी तेलानं दगड काळा झाला होता.

मंचरहून ओल्या फडक्यात आणलेली शेवंतीची दोन फुलं मी तिच्या खांद्यांना लावली. विचारलं. मग गप बसले.

मला गप बसायचा सराव नाय. गिऱ्हाईक दोनदा भाव विचारतं तर मी हाकलते. पहिल्यांदा पायाला मुंग्या आल्या. मग वाटलं, फुंकर मारावी. उजवीकडं मारावी, दादा वाट बघत असेल. शेजारी भीमाबाई हात जोडून बसली होती, तिचे ओठ हलत नव्हते, डोळे फक्त फुलांवर. खाली लाटा कड्यावर आपटत होत्या. घार वरून एक फेरा घालून गेली. ऊन दगडावर आलं. हळूहळू मला दादा आठवेना, गाळा आठवेना. एवढं पाणी, एवढं आभाळ, आणि मधे ही बाई इतकी वर्षं बसलेली. तिला काय घाई?

डावं फूल पडलं.

भीमाबाईनं जमिनीला डोकं टेकलं, उठेचना. वहिनी हळूच म्हणाली, "मागल्या टायमाला पावसाळा व्हता. ओल्या दगडावरनं फूल पडंल कसं? तिला तवाच सांगायचं आसंल."

मी पडलेलं फूल पदराला बांधलं. दुपारी भीमाबाईनं आम्हाला दक्षिणेच्या काठाला सोडलं. तिथून तळेघरापर्यंत चढ आहे, दम काढतो, आणि एसटी मोजक्याच. चुकली तर बसा झाडाखाली. आम्ही बसलो. निघताना भीमाबाईनं सुक्या माशांची पुडी दिली होती, ती वासानं पुऱ्या एसटीला कळली.

दादा ओट्यावरच होता. "काय म्हणली?"

मी पदर सोडून फूल त्याच्या हातात दिलं. "डावं. तिथं तिची माणसं हायेत, दादा. मंगळवारी दिवा लागतो. तू लावायचास तसाच."

त्यानं फूल तळहातावर घेऊन पाकळ्या सारख्या केल्या. मला वाटलं, रडेल. तो म्हणाला, "म्हंजे उपाशी न्हाई ऱ्हायली." आणि वहिनीला चहा टाकायला सांगितला.

दुसऱ्या मूर्तीचं नाव त्यानं काढू दिलं नाय. गवंडी बोलावला आणि देवळाची मागची भिंत, जिथं देवी बसायची होती, तिथं खिडकी पाडून घेतली. आता दारातून हात जोडले की सरळ पश्चिमेकडं नजर जाते. हवा साफ असेल तर डोंगराची रांग दिसते. बेट दिसत नाय, पण ते कुठल्या खाचेत आहे ते दादा बोटानं दाखवतो. वारा तिकडून आत येतो आणि घंटा आपोआप वाजते.

नवीन माणूस येतं आणि विचारतं, देवळात देवी कुठाय? मी म्हणते, बूट घाल, रस्ता सांगते. फक्त खालच्या रस्त्यानं जाऊ नको.