बाबांचा आळस

नव्या चादरीची घडी उलगडली, की खळीचा वास येतो आणि मला उंबऱ्यावर बसलेले बाबा दिसतात. अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात ते यंत्रमाग चालवायचे. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी मात्र, दुपारी घरी जेवून परत निघताना त्यांचं पाऊलच उचलत नसे.

"बाबा, लई आळशी झालाय तुमी," शाळेला निघताना मी एकदा म्हणाले.

"व्हय की, सुट्टीनं आळस भरतोय अंगात." ते हसले, आणि सायकलवर न बसता ती हातात धरून चालत निघाले.

सुताची धूळ छातीत बसलीय आणि सुट्टीनंतर पुन्हा कामाला लागलं की तिच्यामुळेच दम लागतो, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता. दम लागतोय म्हणाले असते, तर आईनं त्यांना कामावर जाऊ दिलं नसतं. म्हणून तिलाही ते माझाच शब्द सांगत राहिले.